सिंगापूरमध्ये हेल्पर आणताना: एजन्सीला अडीच तारे

अडीच तारे. तीन देणार होते, पण पासपोर्टचा किस्सा आठवला आणि अर्धा कापला.

हेल्पर, म्हणजे घरीच राहणारी परदेशी कामवाली, मिळवून देणाऱ्या या एजन्सीचं नाव लिहीत नाही. इथल्या चार मैत्रिणींना त्यांचे अनुभव विचारले, तर एजन्सीची नावं वेगवेगळी आणि गोष्ट जवळपास तीच निघाली. त्यामुळे नाव कळून तुमचं फारसं भलं होईल असं वाटत नाही.

आधी आमची गरज सांगते. नवरा आणि मी, दोघंही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर. मोठा चार वर्षांचा, धाकटी पोटात. मूल सिंगापूरचं नागरिक असेल तर आईला १६ आठवड्यांची रजा. आमचं नसणार, म्हणून १२ आठवडे, त्यातले पगारी ८. तान्ह्या बाळाच्या पाळणाघराची फी ऐकून नवऱ्याने फोन ठेवला आणि पाणी प्यायला. सासूबाई तीन महिने येऊन राहणार होत्या, त्यापुढे काय?

पहिला विचार अर्थातच पुण्याच्या मावशींचा. आईकडे बावीस वर्षं काम करतात, मला त्यांनी वेणी घालून शाळेत पाठवलंय. भारतातून हेल्पर आणायला इथे परवानगी आहे. पण मनुष्यबळ मंत्रालयाचा, म्हणजे सगळे ज्याला एमओएम म्हणतात त्याचा नियम असा, की बाई पहिल्यांदा येत असेल तर वय २३ ते ५० च्या आत हवं आणि किमान आठ वर्षं शाळा झालेली हवी. मावशींनी पन्नाशी कधीच ओलांडलीय आणि शाळा चौथीत सुटली. फोनवर सांगितलं तर खूप हसल्या. म्हणाल्या, "ताई, पोरं सांभाळायला आठवी लागते होय? मग तुला कुणी सांभाळलं?"

म्हणून एजन्सी.

एका जुन्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. आजूबाजूला अशीच आठ-दहा ऑफिसं, काचेवर हसऱ्या बायकांचे फोटो आणि "झीरो फी" असं ठळक लिहिलेलं. ते झीरो कुणासाठी, हे पुढे येईलच. आत एका भिंतीलगत सात-आठ बायका एकसारखे टी-शर्ट घालून बसलेल्या. एक जण प्लास्टिकच्या बाहुलीला डायपर बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती. आम्ही आत गेलो तशा सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीही उभीच राहिले, आणि मिनिटभर कुणीच बसेना.

एजंटबाई मात्र तरबेज. आमचं उत्पन्न, घर, मुलांची वयं, शाकाहारी का मांसाहारी, कुत्रा आहे का, सगळं दहा मिनिटांत लिहून घेतलं आणि बायोडेटांची चळत पुढे ठेवली. या बायोडेटाचा साचा ठरलेला असतो. उंची, वजन, धर्म, भावंडं किती, मुलं किती, कशाची अ‍ॅलर्जी, डुक्कर किंवा गोमांस हाताळायला हरकत आहे का. मग कामांची यादी आणि प्रत्येक कामासमोर पाचपैकी तारे: तान्ह्या बाळाची देखभाल, वृद्धांची देखभाल, घरकाम, स्वयंपाक, भाषा. लग्नाचे बायोडेटा बघून वाढलेली मी, मला हे वाचायला पाच मिनिटं लागली. 'गृहकृत्यदक्ष' फक्त लिहायचं राहिलं होतं.

आम्ही निवडलेल्या बाईचे तारे असे: बाळ चार, भारतीय स्वयंपाक चार, इंग्रजी तीन. मध्य जावामधल्या एका गावातली, वय २९, एक मुलगी. व्हिडिओवर मुलाखत पंधरा मिनिटं चालली. मी विचारायचं, तिने एक शब्द बोलायचा आणि तिकडच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या माणसाने त्याची तीन वाक्यं करून सांगायची. "रात्री बाळ रडलं तर काय कराल?" या प्रश्नाला ती बराच वेळ काहीतरी म्हणाली. भाषांतर आलं, "येस मॅडम, कॅन." इथेच मला थांबायला हवं होतं, पण नववा महिना जवळ आला की माणूस "कॅन" ऐकून समाधानी होतो.

आता पैसे. हे नीट सांगते, कारण एजन्सीच्या कागदावर सगळं होतं पण एका जागी नव्हतं. एजन्सीची फी १,८५० डॉलर (सगळे सिंगापूर डॉलर). सरकारची लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवण्याचा कर, महिना ३०० डॉलर, थेट बँकेतून कापली जाते. शेजारच्या सिंगापूरकर बाईंना हीच लेव्ही ६० पडते, कारण त्यांचं मूल नागरिक आहे. आपल्याला ती सवलत नाही, हे एजंटने बोलता बोलता, फॉर्मवर सही झाल्यावर सांगितलं. मग ५,००० डॉलरचा सिक्युरिटी बॉण्ड. घाबरू नका, रोख भरायचा नसतो, विमा कंपनी हमीपत्र देते. पण बाई बेपत्ता झाली किंवा तुम्हीच अटी मोडल्या तर सरकार तो जप्त करू शकतं, आणि मग विमा कंपनी तुमच्या दारात येते. शिवाय तिचा आरोग्य विमा आणि अपघात विमा, दोन्हींची किमान मर्यादा ६०,०००. तिचं जेवणखाण, औषधपाणी, परत जायचं तिकीट मालकाचं. हे ठीकच आहे, माणूस आणायचा तर एवढं हवंच.

मग आला झीरो फीचा उलगडा. पगार ठरला ६२०. एजंट म्हणाली, "मॅडम, तिचं कर्ज २,४००. ते आज तुम्ही भरा, मग दर महिन्याला ६०० कापून घ्या. चार महिन्यांत फिटेल. तोवर २० डॉलर हातखर्चाला द्या, तिला इथे खर्च काय असतो?"

कर्ज कसलं? तिने काय घेतलं होतं?

नोकरी घेतली होती. इथल्या एजन्सीला बाईकडून कराराच्या दर वर्षामागे एक महिन्याचा पगार घेता येतो, जास्तीत जास्त दोन महिन्यांचा. आमचा करार दोन वर्षांचा, म्हणजे १,२४०. उरलेल्या १,१६० बद्दल विचारलं तर एजंटने हाताने खिडकीबाहेर दाखवलं. "ते तिकडचं." तिकडचं म्हणजे ट्रेनिंग, वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट, आणि गावात दारोदार फिरून बायका गोळा करणारा दलाल. इथल्या मर्यादेत ते मोजलं जात नाही. म्हणजे एका माणसाला दुसऱ्याच्या घरी पोचवण्याचे पैसे एजन्सीने दोन्ही टोकांकडून घेतले, आणि तिच्या टोकाकडचे माझ्या हातून वसूल करायचे.

आम्ही २,४०० भरले, पण महिन्याला २०० कापले आणि ४२० तिच्या खात्यात टाकले. वर्षभरात फिटलं. एजंटला हे अजिबात पटलं नाही. "इतके पैसे हातात दिले तर पळून जाईल, मॅडम." पाच महिन्यांची पोर असलेल्या बाईला रात्री अकराला पळून जावंसं वाटतं हे मी स्वानुभवाने सांगू शकते, पण त्याचं कारण हातातले पैसे नसतात.

कागदपत्रांना मात्र पैकीच्या पैकी. वर्क परमिटचा अर्ज, मंजुरीचं पत्र, विमा, बॉण्ड, तिची इथे आल्यावरची तपासणी, पहिल्यांदा येणाऱ्या बायकांचं सेटलिंग-इन प्रोग्रॅमचं प्रशिक्षण, एकही तारीख चुकली नाही. पहिल्यांदा हेल्पर ठेवणाऱ्या मालकालाही तीन तासांचा कोर्स करावा लागतो. तो मी ऑनलाइन केला, पाय टेबलावर ठेवून. बराचसा भाग कंटाळवाणा आहे, पण खिडक्यांचं प्रकरण लक्ष देऊन बघा. बाहेरच्या बाजूने खिडकी पुसायची असेल तर जाळी बसवलेली आणि कुलूपबंद हवी, आणि घरातलं मोठं माणूस समोर उभं हवं. उंच इमारतींतून पडून बायका गेल्या, म्हणून २०१२ मध्ये हा नियम आला. आम्ही तेराव्या मजल्यावर राहतो. मी सरळ सांगून टाकलं, खिडक्या बाहेरून पुसायच्याच नाहीत, पावसाने धुतल्या तेवढ्या बास.

ती आली त्या दिवशी एजन्सीचा माणूस घरी सोडायला आला. एक छोटी बॅग, एजन्सीचा टी-शर्ट. त्याने एक लिफाफा माझ्या हातात ठेवला: तिचा पासपोर्ट. "तुमच्याकडे ठेवा, सेफ." तीन तासांच्या कोर्समध्ये स्वच्छ सांगितलं होतं की हेल्परचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं कायद्याने चालत नाही, आणि हा परवानाधारक माणूस तेच करायला सांगत होता, तिच्या देखत. मी लिफाफा तिला दिला. तिने तो परत मला दिला. मी परत तिला दिला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, संक्रांतीचं वाण आहे का ते?" शेवटी तिने उशीखाली ठेवला. अर्धा तारा इथे गेला.

झोपायची जागा हाही त्याच माणसाचा सल्ला. इथल्या बऱ्याच घरांत बॉम्ब शेल्टर असतं, पोलादी दाराची, बिनखिडकीची कोठी. "शेल्टर आहे ना? पुरे." आमच्या शेल्टरमध्ये गणपतीचं मखर, दोन सुटकेसेस आणि सायकल असते. ते तिथेच राहू दिलं आणि नवऱ्याची अभ्यासिका तिला दिली. नवरा अजून जेवणाच्या टेबलावर मीटिंगा घेतो आणि अधूनमधून हा त्याग बोलून दाखवतो.

आता ताऱ्यांचा हिशेब. भारतीय स्वयंपाक चार तारे, तर दुसऱ्या दिवशी वरणात करी पावडर पडली. ट्रेनिंग सेंटरमध्ये हेच शिकवलं होतं: पिवळी पावडर घातली की इंडियन. मायक्रोवेव्ह तिने पूर्वी पाहिला नव्हता. इंग्रजी तीन तारे, म्हणजे येस, नो, सॉरी, शब्दाला एक. त्यातून जे काही झालं ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं. पहिल्याच आठवड्यात ती घाईघाईने आली आणि बाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "सुसु, मॅडम, सुसु!" मी डायपर घेऊन धावले. डायपर कोरडा. ती परत "सुसु!" मी दुसरा डायपर आणला. तिच्या भाषेत सुसु म्हणजे दूध. बाळ भुकेनं टाहो फोडतंय आणि आम्ही दोघी त्याचं लंगोट तपासतोय.

मोठ्या मुलाने तिला 'काकाक' म्हणायचं ठरलं, इंडोनेशियन भाषेत थोरलं भावंड. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी त्याचं 'काका' झालं. एकदा फोनवर तो माझ्या आईला म्हणाला, "आज्जी, काका मला आंघोळ घालतो आणि रात्री आमच्याकडेच झोपतो." पुढची पाच मिनिटं मी आईला काय काय समजावलं ते इथे लिहीत नाही.

आणि बाळाचे चार तारे? तिथे एजन्सी चुकली, पण उलट्या बाजूने. आंघोळीला मी प्लास्टिकचा टब, थर्मामीटर, सगळा सरंजाम मांडला होता. तिने तो बाजूला सरकवला, बाथरूमच्या जमिनीवर पाय लांब करून बसली, बाळाला नडग्यांवर पालथं घातलं आणि तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत एका ओढीत फिरवला. मग पाठीवर उलटे हात, मग डावा हात उजव्या पायाला लावून अलगद ताण. सासूबाई दारात उभ्या होत्या. आपल्या बाळंतिणीच्या बाया करतात तेच, तस्संच. कोण कुठली जावा, पण हात तोच. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "हिला शेक द्यायला येतो का बघ." बायोडेटात यातलं काहीही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'बाळाला बाटली देऊ शकते.'

तिसऱ्या आठवड्यात गडबड झाली. ती रात्री रडायची. दिवसा हातून गोष्टी सुटायच्या. दोन कप आणि माझा आवडता तवा, त्याचा दांडाच तुटला. एजन्सीला फोन केला तर उत्तर तयार: "नो प्रॉब्लेम मॅडम, रिप्लेसमेंट. सहा महिन्यांत दोन वेळा फ्री." करारात होतंच ते, मोबाइलच्या कव्हरसारखं. सासूबाईही म्हणाल्या, बदलून घ्या, फुकट आहे तर. मी ऑफिसात गेले. तीच भिंत, तेच टी-शर्ट, बाहुली मात्र दुसरीच्या हातात. रिप्लेसमेंट घेतली तर ही इथे येऊन बसणार, आणि नवं घर मिळेपर्यंत पगार नाही, कर्ज तसंच. यातलं काहीही एजंटने सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं. "ती का रडते ते तुम्ही तिच्या भाषेत विचारलंत का?" असंही विचारलं. नाही. इंडोनेशियन बोलणारी बाई ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसली होती.

शेवटी त्याच बाईला फोनवर घेतलं. एजन्सीच्या माणसाने हेल्परला पहिल्या दिवशी बजावलं होतं, तीन महिने फोन वापरायचा नाही, मॅडमला आवडत नाही. मॅडमला पत्ताच नव्हता! तिच्या मुलीला ताप होता आणि तिला निरोप मिळाला होता आठ दिवसांनी. मी त्या दिवशी वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजवर लावला. त्यानंतर कप फुटले नाहीत असं म्हणणार नाही. फुटले, पण माणसाच्या हातून फुटतात तेवढेच.

नियम कुणाच्या बाजूने आहेत असं विचाराल तर कागदावर बरेचसे तिच्या. आठवड्याला एक सुट्टी. काही दिवसांचे पैसे देऊन काम करून घेता येतं, पण १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली किमान एक सुट्टी पैशांत बदलता येत नाही, द्यावीच लागते. एजंटने मात्र विचारलं होतं, "सुट्ट्या किती द्यायच्या? पहिले तीन महिने कुणीच देत नाही." आम्ही सगळे रविवार दिले. पहिल्या रविवारी ती घराबाहेर पडेना. दुसऱ्या रविवारी खाली बागेत बसून आली. तिसऱ्या रविवारी कुणीतरी तिला पाया लेबारच्या सिटी प्लाझाला घेऊन गेलं. तिथे रविवारी अर्धं जावा उतरलेलं असतं. संध्याकाळी परत आली ती केस कापून आणि माझ्यासाठी एक पुडा घेऊन. आत गूळ. काळसर, नारळाच्या करवंटीच्या आकाराचा. "गुला जावा," म्हणाली. मी आमच्या डब्यातली कोल्हापुरी ढेप काढून दाखवली. तिने तुकडा तोंडात टाकला, मान हलवली आणि हातानेच सांगितलं, ठीक आहे, पण आमचा चांगला. पुढच्या वरणात करी पावडर नव्हती, तिचा गूळ होता. आमटी झकास झाली, हे मी आईला सांगितलेलं नाही.

दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी असते. एजन्सी आठवण करते, हे त्यांचं चांगलं. पहिल्या वेळी मी तिच्यासोबत आत शिरू लागले तर डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. वजन आणि अंगावर मारल्याच्या खुणा आहेत का, तेही बघतात. क्षणभर राग आला, माझ्यावर संशय? मग वेटिंग रूममध्ये बसलेल्या बाकीच्या 'मॅडम' बघितल्या आणि बसून राहिले.

तुम्ही एजन्सी शोधत असाल तर एक गोष्ट मी उशिरा केली, ती तुम्ही आधी करा. एमओएमच्या साइटवर प्रत्येक परवानाधारक एजन्सीची नोंद सापडते, आणि त्यांनी दिलेल्या बायकांपैकी किती जणी त्याच घरी टिकल्या याचा आकडाही असतो. आमच्या एजन्सीचा मी पाहिला तेव्हा धाकटी रांगायला लागली होती. बघून गप्प बसले. आणि मुलाखतीला स्वतःचा दुभाषा न्या, शेजाऱ्यांची जुनी हेल्पर चालेल, तिला जेवायला घाला.

दोन वर्षं झाली. एजन्सीचा फोन आला: परमिटचं नूतनीकरण करून देतो, ४०० डॉलर. मी तेच काम एमओएमच्या साइटवर, धाकटीला मांडीवर घेऊन, पाऊण तासात केलं. सरकारची फी ३५. विमा वेगळा. कर्ज यावेळी कुणाचंच नाही. पगार ७२०, आकडा तिनेच सांगितला, आता इंग्रजीला चार तारे द्यायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात ती पंधरा दिवस गावी जातेय. मोठा रोज विचारतो, काका परत येणार ना. बॅगेत मुलीसाठी स्केचपेनचा डबा आहे आणि स्वतःच्या आईसाठी कोल्हापुरी गूळ, चव बघू दे म्हणाली, फरक कळेल.

काल एजन्सीचा मेसेज आला. आमच्या सेवेला पाच तारे द्या आणि व्हाउचर मिळवा, २० डॉलरचं.